[मंडळ-लिस्ट] अस्वलाच्या सीझनसाठी काडतुसं कुठली घ्यावी?

प्रेषक: निखिल

नमस्कार मंडळी,

विषय वाचून दचकू नका. ऑफिसातल्या मित्राची पेनसिल्व्हेनियात पोकोनोजच्या पलीकडे केबिन आहे, तो दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी काळ्या अस्वलाच्या शिकारीला जातो आणि ह्या वेळी मला पण चल म्हणतोय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स काढतोय. बंदूक त्याचीच, .३०८ मापाची बोल्ट ॲक्शन (दर बाराला हातानं दांडी ओढायची), पण काडतुसं तू तुझी बघ म्हणाला आणि तिथेच गाडी अडलीये. दुकानात भिंतभर खोके, १५०, १६५, १८० ग्रेन (गोळीचं वजन), सॉफ्ट पॉइंट, बॉन्डेड, कॉपर, मॅच, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो अस्वलाला .३०८ पुरायची नाही, .३०० विन मॅग, म्हणजे जास्त जोराची मॅग्नम, घे. आपल्यात कोणी जातं का शिकारीला? ऐकीव नको, खरंच गेलेल्यांनी सांगा.

निखिल

---

प्रेषक: माधुरी

निखिल, तुला दुखवायचं नाही पण हे मंडळाच्या लिस्टवर कशाला? अस्वल आपल्याकडे मेळघाटात, ताडोबात आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, शेड्यूल एकमध्ये. इथे येऊन आपण हौस म्हणून मारायची?

---

प्रेषक: विनायककाका

माधुरी, तुझं म्हणणं चूक नाही पण ते अस्वल वेगळं, हे वेगळं. इथे राज्य दर वर्षी मोजदाद करून सीझन ठरवतं, पेनसिल्व्हेनियात एका माणसाला वर्षाला एकच अस्वल आणि मारलेलं अस्वल २४ तासांत चेक स्टेशनला नेऊन दाखवावं लागतं, तिथे वजन घेतात, दात काढून वय बघतात. तरी नको वाटत असेल तर नकोच, त्यात वाद नाही.

निखिल, आता तुझं. त्या काउंटरवाल्याचं सोड, त्याला बंदूक विकायचीये. .३०८ भरपूर झाली. तिकडचं अस्वल बसतं माउंटन लॉरेल नाहीतर रोडोडेंड्रॉनच्या जाळीत, लोक रांग करून हाकारा घालतात तेव्हा कुठे ते उठतं, म्हणजे तुझा बार शंभर यार्डाच्या आतच, कित्येकदा चाळीस-पन्नासवर. तिथे मॅग्नमचा वेग घेऊन काय करणार? उलट धक्का असा बसतो की नवा माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, मग कसला नेम.

गोळी निवडताना माझी कसोटी एकच, ती दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली पाहिजे. का ते सांगतो. नोव्हेंबरात अस्वल थंडीत पडून राहायच्या तयारीत असतं, अंगावर चरबीचा जाड थर, वर लांब दाट केस. आत जातानाचं भोक चरबीनं बुजतं आणि जे थोडं रक्त येतं ते केस पिऊन टाकतात, जमिनीवर थेंब दिसत नाही. हरणाचा माग मिळतो तसा इथे मिळत नाही, आणि मग अंधार पडत असताना जखमी अस्वलामागे त्या जाळीत गुडघ्यांवर रांगत जायचं, हे कोणाला हवंय? दोन भोकं असली, त्यातलं एक खालच्या अंगाला, तर काहीतरी माग राहतो. खोक्यावर छापलेले वेगाचे आणि एनर्जीचे आकडे मी बघतच नाही.

आरपार जायचं तर वजन आणि बांधणी दोन्ही हवं. साधी सॉफ्ट पॉइंट म्हणजे तांब्याच्या टोपणात बसवलेलं शिसं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून मिळते, १८० ग्रेनची घेतलीस तर आजही काम करते आणि त्या भिंतीवरच्या स्वस्तातल्या खोक्यांपैकी असते. फक्त अगदी जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर टोपण आणि शिसं वेगळं व्हायची धास्ती. बॉन्डेडमध्ये ती दोन्ही एकजीव केलेली असतात म्हणून गोळी फुलते पण फुटत नाही, फेडरलची फ्यूजन किंवा नॉस्लरची ॲक्युबॉन्ड बघ. नॉस्लर पार्टिशनमध्ये तर आत मधोमध तांब्याची आडवी भिंतच आहे, पुढचा अर्धा भाग फुलतो आणि मागचा तसाच घुसत जातो. जॉन नॉस्लरला १९४०च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात मूसवर गोळ्या वरच्यावर फुटलेल्या दिसल्या, त्यातून त्यानं ही काढली. महाग आहे पण सीझनला लागतात किती, दोन नाहीतर तीन, बाकीचा खोका पुढच्या वर्षी.

निव्वळ कॉपरची, बार्न्सची टीटीएसएक्स वगैरे, ही पण उत्तम. तिचं वजन जवळजवळ तसंच राहतं त्यामुळे १८० ची गरज नाही, १५० पुरते. मांस घरी आणून मुलांना घालणार असशील तर मी हीच घे म्हणेन कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, डोळ्यांना दिसत पण नाहीत. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांपायी शिकारीला शिशाची गोळी जुलै २०१९ पासून बंदच आहे.

घ्यायची नाही ती मॅच (ती कागदावरच्या टार्गेटसाठी), कोल्ह्या-कुत्र्यांसाठीची व्हार्मिंट, जी कातडीखालीच फुटून जाते, आणि फुल मेटल जॅकेट, जी फुलतच नाही, सुईसारखी निघून जाते.

ग्रेनचा घोळ होत असेल तर सोपं सांगतो, १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा. आजीच्या वेळचा, ११.६६ ग्रॅमचा, हल्लीचा सराफाचा दहा ग्रॅमचा नव्हे. तोळाभर तांबं-शिसं, बस.

आता जे कोणी सांगत नाही ते. दोन-तीन प्रकार एकेक खोका आण आणि त्याच बंदुकीतून रेंजवर १०० यार्डांवर मारून बघ. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, जी गोळी ती एकमेकींच्या जवळ पाडेल ती घ्यायची आणि त्याच खोक्यानं स्कोप झिरो करायचा, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळी एकाच जागी जुळवायची. मित्र म्हणेल माझा झिरो आहे, तो त्याच्या गोळीचा आहे.

नेम धरताना लक्षात ठेव, पोटाखाली केस आणि चरबी लोंबत असते त्यामुळे अस्वल आहे त्यापेक्षा खोल दिसतं, हरणासारखा खाली नेम धरलास तर नुसते केस कापशील. आडवं उभं राहू दे, तुझ्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाऊ दे, मग खांद्यामागे छातीच्या मध्यावर. डोक्यावर कधीच नाही.

पेनसिल्व्हेनियात अस्वलाला सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) रायफल चालत नाही, बोल्ट आहे ते बरंय. अस्वलाचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, साध्यात ते येत नाही. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी कपडा हवाच.

विनायक

---

प्रेषक: सुप्रिया

काका, मस्त मेल. आम्ही ससेक्स काउंटीत, मागच्या डेकवर अस्वल येऊन कचऱ्याचा डबा उघडतं. नवऱ्याकडे सासऱ्यांची जुनी लिव्हर ॲक्शन .३०-३० रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची) आणि एक बारा बोअर आहे. न्यू जर्सीत ह्यातलं काय चालेल?

---

प्रेषक: विनायककाका

सुप्रिया, न्यू जर्सीत अस्वलाला रायफल नाहीच. मधे शिकार बंद होती, डिसेंबर २०२२ ला परत सुरू झाली, पण हत्यारं तीच, धनुष्यबाण, शॉटगन स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) नाहीतर मझललोडर, म्हणजे आपली कोकणातली ठासणीची बंदूक. कुठल्या आठवड्यात काय चालतं ते राज्याच्या त्या वर्षीच्या डायजेस्टमध्ये (नियमपुस्तिकेत) बघून घ्या.

बारा बोअरमध्ये छर्रे अजिबात नकोत, अस्वलाच्या चरबीत ते अडकून राहतात. स्लग घ्या, एक औंसाची म्हणजे ४३७.५ ग्रेन, अडीच तोळ्याला जरा कमी, जवळून तिच्यापुढे काही टिकत नाही. पण आधी नळी बघा. आतून गुळगुळीत असेल तर रायफल्ड म्हणजे फॉस्टर स्लग, आणि नळीतच आटे असतील तर प्लॅस्टिकच्या बुटातली सॅबो. गुळगुळीत नळीत सॅबो घातली तर ती फिरत नाही, पन्नास यार्डावर कुठेही जाते आणि पैसे चौपट. नाव उलटं वाटतं म्हणून लोक हमखास गोंधळतात.

.३०-३० पेनसिल्व्हेनियात न्या, १७० ग्रेन चपट्या टोकाची, दीडशे यार्डाच्या आत अस्वलाला झकास. मात्र तिच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकलेलं, त्यामुळे टोकदार कडक गोळी भरायची नाही, धक्क्यानं आतच फुटू शकते. टोकदारच हवी असेल तर हॉर्नेडीची लेव्हरेव्होल्यूशन, तिचं टोक मऊ असतं.

---

प्रेषक: अभय

मधेच एक. H-१B किंवा तसल्या व्हिसावर असलेल्यांनी नीट वाचा, फेडरल कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगता येत नाहीत. अपवाद आहे, कुठल्याही राज्याचं मुदतीतलं हंटिंग लायसन्स हातात असेल तर चालतं. म्हणजे आधी लायसन्स, मग दुकान, उलटं करू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. निखिल, तू कशावर आहेस माहीत नाही म्हणून लिहिलं, शंका असेल तर वकिलाला विचार, लिस्टला नको.

---

प्रेषक: निखिल

ग्रीन कार्ड आहे दादा, पण बरं झालं लिहिलंत. काका, १८० ची कोअर-लॉक्ट, फ्यूजन आणि १५० ची कॉपर असे तीन खोके आणले, शनिवारी रेंजवर जातोय. मिळालंच तर संक्रांतीच्या पॉटलकला अस्वलाचं सुकं आणू का? 😀

---

प्रेषक: माधुरी

आणायचंच असेल तर नीट ऐक, हे माझ्या कामातलं आहे. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो आणि थंड प्रदेशातली जात डीप फ्रीजमध्ये पण मरत नाही. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाच्या गेट-टुगेदरमध्ये ४५ दिवस फ्रीझ केलेलं अस्वलाचं मांस कबाब करून खाल्लं, रंग गडद असल्यामुळे कच्चं राहिलंय हे कळलं नाही, सहा जण आजारी पडले. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, सोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या! तेव्हा आत थर्मामीटर खुपसून १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस, झाल्याशिवाय उतरवू नकोस. आणि डबा वेगळ्या टेबलावर, चमचा वेगळा, डब्यावर ठळक अक्षरात काय आहे ते लिही. भरली वांगी त्याच्या शेजारी ठेवलेली मला चालणार नाहीत.