पुढच्या साथीला शटर पाडायचं का नाही?

मांजराकाठ :

मागच्या आठवड्यात आमच्या गावात व्यापाऱ्यांची बैठक होती. विषय दुसराच होता, पण बोलता बोलता कोरोनावर आला आणि एक जण ठासून म्हणाला, "पुन्हा साथ आली, बंदचा आदेश निघाला, तर या वेळी एकही शटर पडणार नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि त्याखाली दोन तट पडले. एक म्हणतो, कोरोना म्हणजे चॅनेलवाल्यांनी उठवलेली आवई होती. दुसरा म्हणतो, आपले लोक दंडुक्याशिवाय ऐकतच नाहीत. मला दोन्ही मान्य नाही.

बंद कशासाठी होता, ते आधी नीट समजून घेऊ. बंदमुळं रोग संपणार नव्हता. सगळे रुग्ण एकाच आठवड्यात दारात येऊ नयेत आणि दवाखान्याला तयारीला उसंत मिळावी, एवढाच त्याचा उपयोग. लोकांनी पोटाला चिमटा काढून सरकारला वेळ मिळवून दिला. त्याची किंमत आपल्या भागानं किती मोजली? ८ मे २०२० ला जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळकडं पायी निघाले होते, रुळावरच झोपले, आणि करमाडजवळ मालगाडीखाली १६ जण गेले. आपले ऊसतोड कामगार, एक लाखाहून जास्त माणसं, लेकराबाळांसह कारखान्यांच्या फडात अडकून पडली. १७ एप्रिलला सरकारनं परवानगी दिली तेव्हा कुठं त्यांना गावाकडं निघता आलं.

एवढ्या किमतीत मिळालेल्या वेळेचं काय केलं? पहिली लाट २०२० च्या दिवाळीपर्यंत बरीच ओसरली होती. दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये उसळली. मधले चार महिने हातात होते. देशभरात हवेतून ऑक्सिजन बनवणारे १६२ पीएसए प्लांट मंजूर होते. १८ एप्रिल २०२१ पर्यंत त्यातले उभे राहिले ३३. औरंगाबादच्या घाटी या सरकारी रुग्णालयाला केंद्राच्या पीएम केअर्स निधीतून १५० व्हेंटिलेटर आले. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर माहिती आली की वापरायला घेतलेले ११३ सदोष निघाले आणि ३७ अजून खोक्यातच आहेत. केंद्राचं म्हणणं पडलं की यंत्रं ठीक आहेत, चालवणाऱ्यांना नीट चालवता येत नाहीत. खरं काय ते बाजूला ठेवा. यंत्र खराब असो नाही तर माणूस शिकवलेला नसो, रुग्णाला श्वास मिळाला नाही. एप्रिलच्या शेवटी अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह घालून स्मशानात न्यावे लागले. कारण सांगितलं गेलं, गाड्या कमी आहेत. वर्षभर साथ चाललेली असताना गाड्या कमी!

म्हणून माझं म्हणणं असं. पुढच्या वेळी बंदचा आदेश काढाल, तर त्याच कागदावर लिहून द्या की या दिवसांत जिल्ह्यात ऑक्सिजनच्या खाटा किती वाढणार, नर्स-डॉक्टरांची रिकामी पदं किती भरणार, आणि नाही झालं तर जबाबदार कोण. हे लिहून देणार नसाल तर बंद पाळा म्हणायचा अधिकार तुम्हाला उरत नाही.

नाइट ड्युटी :

दादा, हिशेब मागा, जरूर मागा. पण "अधिकार उरत नाही" हे वाक्य मला टोचलं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी कोविड वॉर्डात नर्स होते. सरकारनं तयारी केली नाही, याची शिक्षा तुम्ही सरकारला देत नाही आहात. ती माझ्या वॉर्डातल्या रुग्णाला देताय.

ऑक्सिजन कमी पडला म्हणजे काय झालं, ते सांगते. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. तोच रुग्ण बिघडला, हाय फ्लोवर ६० लिटरला गेला, की दोन तासांच्या आत सिलिंडर रिकामा. आमच्याकडं टाकीची लाइन सगळ्या खाटांपर्यंत नव्हती. सिलिंडर लावला की त्यावर चिकटपट्टी मारून मार्करनं वेळ लिहायची, आणि रात्रभर गेजचा काटा बघत फिरायचं. सिलिंडर बदलायचा पाना एकच होता, तो मी एप्रनच्या खिशात ठेवायची, कारण शोधत बसायला वेळ नसायचा. बदलताना तो सूंऽऽ आवाज आला की अख्ख्या वॉर्डातले नातेवाईक माझ्याकडं बघायचे.

अशा वॉर्डात एका रात्रीत दहा नवे पेशंट येणं आणि चार येणं यात जगण्या-मरण्याचा फरक आहे. आज लागण झालेला माणूस आठ-दहा दिवसांनी आमच्या दारात येतो. खाटा भरल्यावर बंद केला तर त्याचा गुण दहा दिवसांनी दिसतो, तोवरचे सगळे आमच्या अंगावर. २०२१ च्या मार्चअखेर औरंगाबादचा ३० मार्च ते ८ एप्रिलचा लॉकडाऊन जाहीर झाला होता. तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी त्याविरुद्ध मोर्चाची हाक दिली आणि लागू व्हायच्या आधीच लॉकडाऊन मागं घेतला गेला. लोकांनी जल्लोष केला. एप्रिलच्या मध्यावर खाटेसाठी फोन करणारं तेच शहर होतं. तेवढ्या एका निर्णयानं सगळं घडलं असं मी म्हणत नाही. पण तो जल्लोष मला अजून बघवत नाही.

आणि वेळ पुरता वाया गेला, हेही खरं नाही. सुरुवातीला आपले नमुने पुण्याला एनआयव्ही या विषाणू प्रयोगशाळेकडं जायचे, अहवालाची वाट बघत रुग्ण पडून राहायचा. नंतर घाटीतच तपासणी सुरू झाली. पीपीई किट घालायचं कसं आणि काढायचं कसं, हे आम्ही पहिल्या बंदातच शिकलो. ती उसंत मिळाली नसती तर आमच्यातल्या किती जणी राहिल्या असत्या, मला माहीत नाही.

मोंढ्यातला :

ताई, तुमच्यासमोर हात जोडतो, तुमच्याशी आमचं भांडण नाहीच. पण आम्ही काय म्हणायलोत तेही ऐका.

माझं कापडाचं दुकान आहे. आमचा धंदा पाडवा ते अक्षय तृतीया, लग्नसराईचा. त्यावर वर्ष निघतं. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला, म्हणजे देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, तर त्याच्या आधीच्या आठवड्यातच "जीवनावश्यक नाही" म्हणून आमची दुकानं बंद झाली. सुरतेहून माल उधारीवर भरलेला, घड्या न मोडता तसाच कपाटात. भाडं चालू, लाइट बिल चालू, कामावरच्या पोरांची घरं आमच्याकडं बघायलेली. मग लग्नाला २५ माणसं, दोन तासांत उरका, नाही तर ५० हजार दंड. २५ माणसांच्या लग्नाला कोण आहेराचं कापड घेतंय?

आणि नियम तरी रोगाला धरून होते का? किराणा सकाळी ७ ते ११. दिवसभर पांगून येणारं गिऱ्हाईक चार तासांत एका दारात आणून उभं केलं. दहा वाजता मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसायची. मग फोटो काढून दुसऱ्या दिवशी छापायचे, "नागरिकांची बेफिकिरी". गर्दी कुणी केली? त्या आदेशानं केली. दुकानं जास्त वेळ उघडी ठेवा, आत चारच माणसं घ्या, असं म्हणलं असतं तर आम्ही स्वतः दोरी बांधून उभे राहिलो असतो. आम्हाला विचारलंच नाही कुणी.

तालुका प्रतिनिधी :

फोटोचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी तालुक्याला बातमीदारी करतो.

"माध्यमांनी भीती पसरवली" हे वाक्य मी पाच-सहा वर्षं ऐकतोय. मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओत बसून ओरडणारे आणि स्मशानाच्या फाटकाशी उभं राहून सरणं मोजणारे एकाच मापानं मोजू नका. रोज संध्याकाळी प्रशासनाचा आकडा यायचा. आम्ही स्मशानात, कब्रस्तानात विचारायला जायचो, तिथला आकडा वेगळा असायचा. आम्ही छापलं की "घाबरवू नका" म्हणून फोन यायचे. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ५० हजारांची मदत द्यायची ठरली. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू होते १ लाख ४१ हजारांच्या आसपास आणि मदतीसाठी अर्ज आले २ लाखांहून जास्त. प्रत्येक अर्ज खरा धरू नका, तरी सांगा : बातम्यांनी वाढवून सांगितलं, की कमीच सांगितलं?

अंबाजोगाईच्या त्या २२ मृतदेहांचं वरती लिहिलंय. ते तुम्हाला कुठून कळलं? बातमी आली म्हणूनच ना? एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारनं घरोघर पेपर टाकायलाच मनाई केली होती. खंडपीठानं स्वतःहून दखल घेऊन सरकारला विचारलं. पेपर बंद झाल्यानं भीती कमी झाली नाही. तेवढ्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरचे काढे आणि अफवा दुप्पट झाल्या.

दख्खनी :

प्रतिनिधी साहेब, सरणं मोजलीत, तुमचे उपकार आहेत. पण एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या मरकजच्या नावानं जे चाललं, ते फक्त दिल्लीच्या स्टुडिओत नव्हतं. आपल्या जिल्हा आवृत्त्यांतही "इतके तबलिगी सापडले" असे मथळे होते, जणू दरोडेखोर सापडले. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याला कॉलनीच्या गेटवर नाव विचारून परत पाठवलं जायचं. ऑगस्ट २०२० मध्ये याच औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि निकालात लिहिलं की छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केलं. गुन्हे दाखल झाल्याची बातमी पहिल्या पानावर होती. निकालाची बातमी किती जणांनी पहिल्या पानावर घेतली? आमच्याकडं लोक तपासणीला यायला, पुढं लस घ्यायला का बिचकले, याचं उत्तर त्या मथळ्यांत आहे.

तालुका प्रतिनिधी :

तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्या मथळ्यांचं समर्थन मी करणार नाही.

बांधावरचा :

लसीचं निघालंच म्हणून. नोव्हेंबर २०२१ ला औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला : एक तरी डोस नसेल तर रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. तेव्हा राज्यात एक डोस झालेले ७४ टक्के होते, जिल्ह्यात ५५. मी लस घेतलेला माणूस आहे, लोकांना घ्यायला लावलेली आहे. तरी सांगतो, गरिबाचं रेशन अडवून लस देणं हे मला कधीच पटणार नाही. पेट्रोल अडवा, धान्य नको. आशाताई घरोघर जाऊन समजावत होत्या, त्यांच्या हातात कोविड भत्ता म्हणून महिन्याला १००० रुपये. त्यांना जून २०२१ मध्ये संपावर जावं लागलं. समजावणाऱ्याला पैसा द्यायचा नाही आणि न समजलेल्याचं धान्य तोडायचं!

मांजराकाठ :

नाइट ड्युटी ताई, तुमच्या पान्याबद्दल वाचून थांबलो. माझी अट दवाखान्यातल्या माणसाला टोचत असेल तर ती कशी मांडावी याचा विचार करायला हवा. पण अट सोडत नाही. कारण तुमचा वॉर्ड एका पान्यावर का चालत होता, हा प्रश्न बंदच्या दिवसांत कुणी विचारलाच नाही. सगळे मास्क नसलेल्यांचे फोटो काढत होते. आपल्याच भागात धाराशिवच्या चोराखळीला एका साखर कारखान्यानं इथेनॉलचा प्लांट फिरवून मे २०२१ मध्ये ऑक्सिजन काढला. मनावर घेतलं की होतं. मग ते आधीच्या डिसेंबरमध्ये कुणाच्या मनात का आलं नाही?

नाइट ड्युटी :

तो प्रश्न मीही विचारते. पण तो बंद पाळत पाळत विचारा. तुम्ही शटर उघडं ठेवून विचारलात तर उत्तर येईपर्यंत माझा वॉर्ड भरलेला असेल. आणि डिसेंबरचं म्हणालात म्हणून सांगते : त्या थंडीत कोविड सेंटर बंद करून कंत्राटी नर्सना घरी पाठवलं, तेव्हा तालुक्यातून एकही निवेदन गेलं नाही. बंदच्या विरोधात मात्र ढिगानं गेली.

मोंढ्यातला :

ताई, निवेदन आता देऊ. आमच्या संघटनेच्या लेटरहेडवर देतो. उपजिल्हा रुग्णालयातला ऑक्सिजन प्लांट शेवटचा कधी चालवला, देखभालीचं कंत्राट कुणाकडं आहे, नर्सची मंजूर पदं किती अन् भरलेली किती, हे माहिती अधिकारात सोमवारी टाकतो. शटरचं माझं मत आहे तेच आहे. इथं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले लोक असतील, त्यांनी आपापल्या तालुक्यातून हाच अर्ज टाकावा. नमुना हवा असेल त्यांनी तसं लिहा, पाठवतो.