मोठेपणी ऑटिझमची तपासणी : प्रश्नावलीतले गुण म्हणजे निदान नव्हे

शाईचा डाग :
'एक्यूत ३२ च्या वर गुण आले की तुम्ही ऑटिस्टिक, तज्ज्ञाकडे जायची गरज नाही,' असं एकाने ठणकावून लिहिलंय. राहवलं नाही म्हणून हा धागा. एक्यू म्हणजे ऑटिझमची लक्षणं स्वतःच तपासायची प्रश्नावली, २००१ सालची, ५० प्रश्नांची. पुढे तपासणी करावी का, एवढंच ती सुचवते. सोशल अँक्झायटी (लोकांत वावरायची भीती), ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणं), जुने मानसिक आघात, यांतही गुण चढतात. निदान होतं डीएसएम-५ च्या, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या निकषांवर: सामाजिक देवाणघेवाणीतले तिन्ही निकष हवेत, ठरावीकपणा आणि संवेदना या गटातल्या चारांपैकी किमान दोन. शिवाय लक्षणं लहानपणापासूनची हवीत आणि त्यांनी जगणं खरंच अडायला हवं. लहानपणाचं कुठलीच प्रश्नावली विचारत नाही.

काजवा :
चूक. रॅड्स-आर ही मोठ्यांसाठीची दुसरी प्रश्नावली, तिच्या ८० प्रश्नांत 'फक्त आता', 'फक्त १६ वर्षांच्या आत', 'तेव्हाही आणि आताही' असे वेगळे पर्याय असतात. आधी वाचा, मग लोकांना झापा.

शाईचा डाग :
रॅड्स-आरचं मान्य. पण उत्तर देणारा आजच्या आठवणीवरच देतो ना? तिचा ६५ चा उंबरठा चिंतेने ग्रासलेला माणूसही ओलांडतो.

काजवा :
आणि तज्ज्ञाच्या खोलीत काय होतं? एडॉस-२ ही समोर बसवून वागणं-बोलणं न्याहाळायची चाचणी, तिचा मोठ्यांसाठीचा भाग, मॉड्यूल ४, तासाभरात उरकतो. ज्याने नजर कधी द्यायची, कधी हसायचं हे वर्षानुवर्षं घोटलंय, तो तेवढा वेळ सहज निभावतो आणि घरी जाऊन दोन दिवस अंथरुणात पडतो. ते दोन दिवस कोण मोजतं?

उंबरठा :
मोजायला लावायचं. निकषांप्रमाणे दोन पानं लिहून न्या, प्रत्येकाखाली दोन-तीन प्रसंग: काय झालं, आतून काय चाललं होतं, नंतर सावरायला किती वेळ लागला. 'लोकांत मिसळता येत नाही' एवढ्याने काही कळत नाही. शिकून झाकलेली लक्षणंही धरावीत, हे डीएसएम-५ मध्येच आहे. फक्त एडॉसच्या गुणांवर 'नाही' म्हणणारा तज्ज्ञ अर्धवट काम करतोय.

पाणकावळा :
खरी अडचण आईवडिलांची आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. एडीआय-आर ही निदानासाठी लहानपणाबद्दल घेतली जाणारी पालकांचीच मुलाखत. पालक हयात नसतील किंवा बोलणं तुटलं असेल, तर? आई असली तरी म्हणते, 'सगळीच मुलं अशी असतात,' आणि फाईल बंद.

उंबरठा :
प्रश्न चुकीचा गेला की असंच उत्तर येतं. 'शांत होता का?' विचारू नका. रोजचा रस्ता बदलला तर काय व्हायचं, कपड्यांच्या शिवणी टोचायच्या का, खेळणी खेळायचा की रांगेत लावायचा, हे विचारा. मोठी भावंडं, मावशी, आत्या चालतात. प्रगतिपुस्तकावरचे शेरेही न्या.

पाणकावळा :
ज्याच्याकडे प्रगतिपुस्तकही नाही आणि मावशीही नाही त्याला हे सांगणं क्रूर आहे.

उंबरठा :
क्रूर काय त्यात? पुरावा नसला म्हणजे निदान होतच नाही, असं मी कुठे म्हटलं? पालक नसतील तर स्वतःच्या सविस्तर इतिहासावरही निदान करता येतं. वेळ ठरवतानाच विचारा: 'पालकांशिवाय मूल्यमापन करता का?' नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

काजवा :
आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे का, तेही त्याच वेळी तपासायला सांगा. २०१३ च्या आधी डीएसएममध्ये ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देताच येत नव्हती. जुन्या फाईलीत एकच नाव असेल तर ते पुरेसं धरू नका. प्रश्नावलीबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही: ज्याला नोकरीत सवलत किंवा कागद नको, फक्त स्वतःला समजून घ्यायचंय, त्याला तुम्ही अडवू शकत नाही.

शाईचा डाग :
अडवत नाही. मात्र खरा त्रास ओसीडीचा असेल तर त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि ते मागे पडतात.