डिस्क ड्राइव्ह ठेवाच

‘मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) बनवणं सोडून नुसते गेम विकावेत’ असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सेगा या गेम कंपनीने २००१ मध्ये आपला ड्रीमकास्ट कन्सोल थांबवून तेच केलं. कंपनी तगली, पण कन्सोलवाली सेगा कायमची गेली. उलट निन्टेन्डो बघा. त्यांचा वी यू कन्सोल जेमतेम १ कोटी ३५ लाख खपला, तरी २०१७ मध्ये स्विच आणला आणि तो १५ कोटींच्या पुढे गेला!

पुढच्या एक्सबॉक्सला डिस्क ड्राइव्ह (गेमची डिस्क घालायची सोय) हवाच. एक्सबॉक्सच्या सिरीज एस मॉडेलला तो नाही. माझा भाचा ठाण्याच्या नौपाड्यातून ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला मित्राकडे जातो, तो दप्तरात दोन डिस्क घेऊन. कव्हरवर स्केचपेनने दोघांची नावं. एका गेमच्या पैशांत दोन घरं खेळतात. ही मुलं धरून ठेवा.