ईएल८४ रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर: जुना घ्यावा की रिवाइंड करावा?

नमस्कार मंडळी,
आजोबांचा वॉल्व्ह रेडिओ माळ्यावरून काढला. आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवायला, ईएल८४ वॉल्व्ह आहे. आवाज काहीच नाही, आणि खोलीतला दिवा मालवून पाहिलं तर वॉल्व्हमधली जाळी लालबुंद! लगेच बंद केला. वॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (वॉल्व्हकडची गुंडाळी) तुटलेली निघाली. पुण्याच्या जुन्या बाजारात एक सुटा मिळतोय. वर नंबर नाही, विकणारा "चालू आहे" एवढंच म्हणतो. घेऊ का?

प्रतिसाद १
बंद केलात ते उत्तम. प्रायमरी तुटली की प्लेटला व्होल्टेज मिळत नाही, सगळा भार स्क्रीनवर, म्हणजे प्लेटच्या आतल्या जाळीवर येतो, म्हणून ती तापते.

बाजारात मीटर घेऊनच जा. बारीक तारेच्या बाजूला (प्रायमरी) काहीशे ओहम, जाड तारेच्या बाजूला (सेकंडरी, स्पीकरकडची) जेमतेम एखादा ओहम दिसायला हवा. पण यावरून फक्त तार शाबूत आहे एवढंच कळतं. म्हणून घरी छोट्या ट्रान्सफॉर्मरने प्रायमरीला ६ व्होल्ट एसी द्या आणि सेकंडरीचे व्होल्ट मोजा. ईएल८४ ला साधारण ५.२ किलोओहमचा एसी भार लागतो (मीटरवर दिसणारे ओहम वेगळे). स्पीकर ४ ओहमचा असेल तर वेढ्यांचा रेशो ३६ च्या आसपास, म्हणजे सेकंडरीला ०.१७ व्होल्ट. आकडा फारच वेगळा आला तर परत करायची बोली आधीच करून ठेवा.

प्रायमरीला तीन तारा दिसल्या तर तो बहुधा पुश-पुलचा (दोन आउटपुट वॉल्व्हच्या सेटचा), तुमच्या कामाचा नाही. एका वॉल्व्हच्या सेटमध्ये प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, त्यामुळे कोअरच्या ई आणि आय पट्ट्यांमध्ये कागदाची फट ठेवलेली असते. रिवाइंड करणाऱ्यालाही हे बजावून सांगा, नाहीतर तो पट्ट्या उलटसुलट विणून घट्ट बसवेल.

प्रतिसाद २
आधी तो जळला कशाने ते पाहा हो! ईएल८४ काढून ठेवा, सेट चालू करा आणि सॉकेटच्या २ नंबर पिनवर चेसिसच्या संदर्भात डीसी मोजा. पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर कपलिंग कपॅसिटर (आधीच्या वॉल्व्हकडून फक्त आवाजाचा सिग्नल येऊ देणारा, डीसी अडवणारा) गळतोय. तो तसाच ठेवलात तर नवा ट्रान्सफॉर्मरही जाईल. आत अडीचशे व्होल्ट आहेत, एक हात पाठीमागे ठेवूनच मोजा. आणि स्पीकर न जोडता सेट कधीही चालवू नका.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. बाजारातल्याच्या प्रायमरीला तीन तारा निघाल्या, सोडून दिला. २ नंबर पिनवर १८ व्होल्ट! कपॅसिटर बदलला. आता मूळचाच रिवाइंडला देतोय, कागदासकट.