मदत हवी आहे: जॅम आमच्यात रंगतं, ऐकणाऱ्यांपर्यंत पोचत नाही

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ आम्ही पाच जण वाजवतो. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स आणि मी ढोलकी. हंगामात ओळखीच्यांच्या होमस्टेच्या अंगणात संध्याकाळी बसतो. गाणी ठरलेली नसतात. कुणीतरी एखादी रिफ (परत परत येणारा छोटा सुरांचा तुकडा) धरतं, बाकीचे शिरतात.

सुरुवातीला पाहुणे माना डोलावतात, थोड्या वेळाने आपापसात बोलायला लागतात. रेकॉर्डिंग ऐकलं की कारण कळतं. एकदा शिरलेला माणूस थांबतच नाही. गिटार आणि कीबोर्ड एकाच सप्तकात भांडतात, आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच. आणि शेवट असा नसतोच, एकेक जण गळत जातो.

आपल्याकडे दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, तरी माणसं रात्रभर बसतात. आख्यान ओळखीचं असतं, पुढे युद्ध येणार हे ठाऊक असतं. डबलबारीतही, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवांनी गजर धरला की लय चढणार हे समोरच्याला आधीच कळतं. आमच्या ऐकणाऱ्याला असं धरायला काहीच मिळत नाही, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून जॅझवाल्यांसारखं आधी एक छोटी धून, मग एकेकाचं सोलो, मग परत धून असं सुरू केलंय. फरक पडला. विशेषतः ड्रमर आणि मी चार-चार बार (तालाचे मोजलेले सारखे तुकडे) आलटून पालटून वाजवतो तेव्हा गप्पा थांबतात.

आता अडलंय ते इशाऱ्यांवर. धुनेवर परत यायचं म्हणून मी केरवा तालाच्या शेवटच्या आवर्तनात तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा 'धा' समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर). गिटारवाला बरोबर समेवर येतो. ड्रमर मात्र बार मोजत असतो, तिसऱ्या 'धा'वर क्रॅश (मोठी झांज) मारायच्या ऐवजी पुढचा फिल (मधली जागा भरणारा तुकडा) सुरू करतो, आणि बेसवाला त्याच्या मागे जातो. दोघांनाही कळेल असा इशारा कोणता? नजरेचा चालत नाही, अंगणात उजेड कमी असतो.

दुसरं, उघड्यावर हळू वाजवलं की वारा आणि गाज सगळं गिळतात. आवाज न वाढवता भर-ओसर कशी दाखवायची? वाद्यं कमी करून बघावं का?

'सरळ गाणी बसवा' हा सल्ला कृपया नको, आम्हाला आयत्या वेळचं वाजवणंच टिकवायचंय. तुमच्या बँडमध्ये शेवट कोण ठरवतं आणि बाकीच्यांना तो कसा कळतो, तेवढं नक्की लिहा.