मदत हवी आहे: मोटारसायकलचा रेडिएटर गळतोय, घरच्या घरी दुरुस्त होईल का?

नमस्कार मंडळी. आठवडाभर याच एका गोष्टीत अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी एक सिलिंडरची, लिक्विड कूल्ड, सहा वर्षं जुनी. कामावर जायला माझ्याकडे दुसरं साधन नाही. गेल्या आठवड्यात सकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा पुढच्या चाकाच्या जरा मागे, फरशीवर हिरवट डाग दिसला. तेल म्हणावं तर तेल नाही, पाणी म्हणावं तर चिकट. बाजूची छोटी टाकी बघितली तर पातळी 'लो'च्या रेघेखाली. पाणी भरलं. दोन दिवसांनी परत तेच. आता सिग्नलला उभं राहिलं की पंखा बंदच व्हायला तयार नाही.

बॅटरी घेऊन नीट पाहिलं. रेडिएटरच्या डाव्या बाजूला, खालून साधारण चार बोटं वर, जाळीत पांढरट-हिरवट खपली धरली आहे, अंगठ्याच्या नखाएवढी. ब्रशने धुऊन काढली आणि गाडी चालू ठेवून बघत बसलो. पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग तिथे मोहरीएवढा थेंब तयार झाला आणि गरम जाळीवर चर्र करून सुकला. परत दुसरा. गाडी बंद करून वीस मिनिटं गेली की मात्र सुकत नाही, ओघळ खाली येतो. इंजिन पूर्ण थंड असताना एक थेंबही नाही. वॉटर पंपाच्या बाजूलाही थोडी ओल दिसते, पण वाऱ्याने उडून तिकडे जात असेल असं मला वाटतं.

माझा अंदाज, पुढच्या चाकाने खडा उडवला असणार. नवीन रेडिएटर मागवला आहे, पण यायला बरेच दिवस लागतील. तोवर काय करू? पावडर किंवा लिक्विड टाकून गळती बंद होते म्हणतात, ते करू का? की इपॉक्सी लावू? माझ्याकडे सोल्डरिंग गन आणि छोटी गॅस टॉर्चही आहे. आजवर ऑइल, चेन, ब्रेक पॅड हे सगळं घरी बदललंय, पण कूलिंगला कधी हात लावलेला नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते, इंजिन बसलं तर माझी रोजची धावपळच थांबेल.

प्रतिसाद

पावडर टाका आणि मोकळे व्हा. माझ्या जुन्या कारमध्ये टाकली होती, वर्षभर काही झालं नाही.

प्रतिसाद

वरच्या मताशी मी सहमत नाही. कारच्या रेडिएटरच्या नळ्या आणि मोटारसायकलच्या नळ्या यांत फरक असतो. गळती बुजवणारा माल भोक कुठलं आणि वाट कुठली हे ओळखत नाही. मोटारसायकलच्या चपट्या नळ्या आतून इतक्या अरुंद असतात की तो तिथेच साचतो. गळती थांबते, पण गाडी आधीपेक्षा जास्त तापते. रस्त्यात अडकलात, घर गाठायचंय, तर एक वेळ ठीक. घरी उभी असलेल्या गाडीत टाकू नका.

धागाकर्ते, तुम्ही पाहणी छान केली आहे, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, वॉटर पंपाकडची ओल. वाऱ्यावर ढकलू नका. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्याला वीप होल म्हणतात. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील गेलं की कूलंट (इंजिन गार ठेवणारं ते हिरवं द्रव) तिथून बाहेर येतं, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये मिसळण्याआधी आपल्याला कळतं. तिथून गळत असेल तर रेडिएटरला कितीही लेप लावा, पाणी कमी होतच राहणार. ती जागा कोरडी पुसा, टिश्यू पेपर चिकटपट्टीने लावा आणि एक फेरी मारून या. ऑइलचा रंगही बघा. दुधाळ दिसलं तर गाडी चालू करू नका.

दुसरी, थंड असताना का गळत नाही. झाकण साधारण १.१ बारचा दाब धरून ठेवतं (तुमच्या झाकणावर आकडा छापलेला असेल). त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, म्हणून तर हे सगळं चालतं. थंड असताना आत दाबच नसतो, त्यामुळे सुईच्या टोकाएवढ्या भोकातून काही येत नाही. म्हणजे लेप लावल्यावर थंड गाडी बघून 'थांबलं' असं समजायचं नाही.

आणि हात जोडून सांगतो, गरम असताना ते झाकण उघडू नका. दाब सुटला की आतलं सगळं एका क्षणात उकळून अंगावर येतं. माझ्या उजव्या मनगटावर अजून डाग आहे. रेडिएटरच्या वरच्या होजला (जाड रबरी नळीला) हात लावून बघा, तो गार आणि दाबल्यावर मऊ लागला की मगच हात घाला.

प्रतिसाद

फरशीवरचं ते हिरवं आधी पुसून काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड लागतं, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. घरात रांगतं मूल असेल तर त्याहून जास्त जपा. काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरा.

धागाकर्ता

मूत्रपिंडाचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या जिन्याखाली मांजरीची पिल्लं आहेत. वाचल्या वाचल्या खाली जाऊन फरशी धुतली, आता गाडीखाली ट्रे ठेवलाय. मनापासून आभार.

टिश्यू लावून फेरी मारली. वीप होल कोरडं ठणठणीत. ऑइल स्वच्छ. ओल येत होती ती खालच्या होजच्या क्लिपपाशी, म्हणजे दोन गळत्या होत्या! क्लिप सैल पडली होती आणि होजचं टोक कडक होऊन तडकलं होतं. टोकाला होज थोडा लांब होता, तडकलेला अर्धा इंच कापून नव्या क्लिपने बसवणार आहे.

रेडिएटर आज उतरवला. आता बादलीत बुडवून बघायचं म्हणतोय. हवा किती भरू?

प्रतिसाद

झाकणावर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त अजिबात नाही. १.१ बार म्हणजे साधारण १६ पीएसआय. कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका, जाळी फुगून कायमची वाकडी होईल. सायकलचा गेजवाला हातपंप घ्या. दोन्ही तोंडांवर जुन्या होजचे तुकडे चढवा, एकात रबरी बूच आणि वर क्लिप, दुसऱ्यात जुन्या ट्यूबचा व्हॉल्व. गाडीचं झाकण तसंच लावून ठेवा. दाब जास्त झाला तर तेच उघडून ओव्हरफ्लोच्या नळीतून हवा सोडेल. आणि आकड्याच्या बऱ्याच आधी तिथून बुडबुडे आले तर झाकणाचं रबर गेलंय हेही कळेल.

धागाकर्ता

हे लिहिताना अजून हात ओले आहेत.

टबात बुडवला, हळूहळू पंप मारला. ८ पीएसआयला एक बारीक माळ वर येऊ लागली, अगदी मण्यामागे मणी. जागा तीच, खपलीची. पण पुढून नाही, मागून! पुढची बाजू धडधाकट आहे. फोनचा कॅमेरा झूम करून पाहिलं तर नळीवर चकचकीत आडवी रेघ आहे, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी लांब, आणि तिच्या मधोमध भोक. खडा लागला असता तर खड्डा दिसला असता. हे घासल्यासारखं दिसतंय.

मग पंख्याची प्लास्टिकची चौकट रेडिएटरला लावून पाहिली. तिचा खालचा कोपरा बरोबर त्या रेघेवर येतो. चौकट धरणारा एक रबरी बुश पार चपटा झालाय आणि दुसरा जागेवरच नाही.

प्रतिसाद

हे फार बरं झालं. नुसता लेप लावून बसवला असता तर चौकटीने लेपही घासून काढला असता आणि तुम्ही इपॉक्सीला दोष दिला असता. आधी बुश नवे घ्या. रेडिएटर जिथे चेसिसला लटकतो तिथलेही बघा. इंजिन थरथरतं ती थरथर खाण्याचं काम हे रबरच करतात, ते गेले की सगळा ताण जाळीवर येतो.

सोल्डरिंग गन बाजूला ठेवा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, खरवडला की लगेच नवा तयार होतो, त्यावर साधं सोल्डर धरतच नाही. ॲल्युमिनियमच्या ब्रेझिंग कांड्या (टॉर्चने वितळवून जोड भरायच्या) मिळतात, त्या ४०० अंशांच्या अलीकडे-पलीकडे वितळतात. मी त्या वापरल्या आहेत, पण जाड टाकीवर. नळीची भिंत कागदासारखी असते आणि आजूबाजूचे सगळे जोडही ब्रेझ केलेलेच. एक भोक बुजवताना शेजारची दोन नळकांडी सुटली तर रेडिएटर गेला. शिवाय बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतील तर टॉर्चचं नावही काढू नका.

तुमच्या भोकाला इपॉक्सीच बरं. मी करतो ते असं. भोकाच्या दोन्ही बाजूंच्या फिन (नळ्यांमधल्या जाळीच्या पातळ पट्ट्या) बारीक नोज प्लायरने अलगद काढून टाका, नळी सेंटीमीटरभर तरी उघडी झाली पाहिजे. फिन ओढायच्या नाहीत, घडी घालत सोडवायच्या, नाहीतर नळीच फाटते. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी करून नळी घासा, चमक जाऊन ओरखडे दिसेपर्यंत. ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका, बोटाचं तेल पुरेसं होतं लेप सुटायला. रेडिएटर आतूनही पूर्ण सुकवा, एक थेंब भोकातून डोकावला तरी मेहनत वाया.

इपॉक्सी दोन ट्यूबवालं, धातूची भुकटी मिसळलेलं, आणि पाकिटावर किमान १५० अंश सहन करेल असं लिहिलेलं. नळाला लावतात ती दोन रंगांची माती या कामाची नाही. पाच मिनिटांत सुकणारंही नको, हळू सुकणारं जास्त घट्ट धरतं. लेप बाहेरून लागतो आणि दाब आतून ढकलतो, म्हणून तो फक्त चिकटून राहण्याच्या जोरावर टिकतो हे लक्षात ठेवा. एक युक्ती: लेप लावताच दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी दोन-तीन सेकंद लांबूनच धरा. भोकात किंचित माल ओढला जातो आणि आतून गाठ बसते. जास्त वेळ धरलंत तर नळी तुंबेल.

२४ तास हात लावायचा नाही. मग परत टब, परत पंप.

प्रतिसाद

माझ्या गाडीवर असा लेप तीन वर्षं आहे. नवीन रेडिएटरची गरजच नाही असं मी म्हणेन.

प्रतिसाद

तुमचा टिकला याचा आनंद आहे, पण मी त्याच्या भरवशावर लांबच्या प्रवासाला जाणार नाही. ॲल्युमिनियम आणि इपॉक्सी तापल्यावर सारखे फुगत नाहीत, रोज तापणं-निवणं चालू असतं. नवीन मागवलाय ना, तो येऊ द्या.

धागाकर्ते, भरताना साधं नळाचं पाणी वापरू नका, क्षारांचा थर बसतो आणि ॲल्युमिनियमही खातो. ॲल्युमिनियमला चालणारं तयार कूलंट घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हवा काढायला विसरू नका. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी सरळ उभी करा, चालू करा, होज हाताने दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत जा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व) उघडला की पातळी एकदम खचते, तेव्हा घाबरू नका. बुडबुडे थांबले की झाकण. कितीही वेळ झाला तरी बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटची (इंजिनचं डोकं आणि सिलिंडर यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या.

धागाकर्ता

काही दिवसांनी लिहितोय.

पहिला लेप फसला. ॲसिटोनने पुसल्यावर उजेडात नीट बघायला म्हणून नळी बोटाने किंचित वळवली होती, बरोबर त्याच कडेने टबात १० पीएसआयला बुडबुडे आले. तुम्ही बजावलं होतं तरी झालं. खरवडून सगळं परत केलं, या वेळी हातमोजे घालून. २४ ऐवजी ३० तास ठेवला. १५ पीएसआयवर दहा मिनिटं पाण्याखाली धरला, एक बुडबुडा नाही. काटाही हलला नाही.

दोन्ही बुश नवे, चौकटीचा तो कोपरा कानशीने गोल केला, आता नळी आणि प्लास्टिकमध्ये पेन्सिल जाईल एवढी जागा आहे. होज कापून बसवला. हवा काढताना थर्मोस्टॅट उघडला आणि पातळी खरंच एकदम खाली गेली. आधी सांगितलं नसतं तर मी इंजिन बंद करून डोकं धरून बसलो असतो.

काल कामावर जाऊन आलो. पंखा दोनदाच लागला आणि दोन्ही वेळा मिनिटभरात बंद झाला. रात्री बॅटरी लावून पाहिलं, लेप कोरडा, क्लिप कोरडी. आज सकाळी गार इंजिनवर छोट्या टाकीची पातळी बघितली, मार्करने रेघ मारली होती तिच्यावरच आहे. रोज सकाळी बघणार आहे. नवीन रेडिएटर आला की बदलेनच, आणि बसवण्याआधी त्याच्यावर चौकट टेकवून जागा तपासेन.

एकच विचारायचं राहिलं. जुना होज एका टोकाला कडक झाला होता, तर वरचा होजही आताच बदलून टाकू का? हाताला तो अजून मऊ लागतो.

प्रतिसाद

बदला. दोघांचं वय सारखंच आहे, आणि नवीन रेडिएटर बसवताना कूलंट काढावंच लागणार आहे, त्याच वेळी उरकून घ्या. तोवर क्लिपपाशी चिमटीत दाबून बघत राहा, बारीक भेगा दिसल्या तर थांबू नका. आणि ट्रे अजून काही दिवस गाडीखाली राहू द्या, पिल्लांसाठी.