मदत हवी आहे: मेंदूच्या इजेनंतर रुग्ण उपचारच नाकारतो आहे

ओटी_नवी:
नमस्कार. शुक्रवारच्या टीम मीटिंगपूर्वी उत्तर हवे आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मेंदूला इजा झालेला एक रुग्ण माझ्याकडे ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) आहे. 'मला काहीही झालेले नाही, मला कामावर जायचे आहे' हेच तो धरून बसला आहे. त्याचे काय चुकते ते मी रोज शांतपणे दाखवून देते: शर्टाची बटणे वर-खाली लागतात, दात घासायचे राहून जातात, घड्याळातली वेळ सांगता येत नाही. दाखवले की तो चिडतो आणि उठून जातो. काल तर त्याने कागद-पेन्सिल भिरकावली. मीटिंगच्या फॉर्ममध्ये 'उपचारास सहकार्य' असा एक रकाना आहे. तिथे 'नाही' लिहिले की त्याला घरी पाठवण्याची चर्चा सुरू होणार, हे मला दिसते आहे. आजाराची जाणीव कशी करून द्यायची, याचा खात्रीचा उपाय कोणाकडे असेल तर कृपया सांगावा.

अनुभवी_हात:
वीस वर्षे हेच काम करतो आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो: व्हिडिओ काढा. बटणे लावताना त्याचे चित्रीकरण करा आणि लगेच त्यालाच दाखवा. माणूस आपले ऐकत नाही, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले नाकारू शकत नाही. अशा रुग्णांपुढे बोलून काही उपयोग होत नाही.

मज्जामानस:
धागाकर्तीने इतकी कमी माहिती दिली आहे की कोणताही उपाय सांगणे म्हणजे अंधारात बाण मारणे ठरेल. इजा होऊन किती दिवस झाले? दाखल होताना ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे शुद्धीची पातळी मोजणाऱ्या मोजपट्टीचा, आकडा काय होता? मेंदूच्या कोणत्या भागाला मार बसला आहे? झोप कशी आहे, औषधे कोणती चालू आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कालचे त्याला आज आठवते का?

चालते_पाय:
मी फिजिओ आहे. तुम्ही त्याला खुर्चीत बसवून कागद-पेन्सिल देता, तिथेच सगळे बिघडते. आधी उभे करा, चालवा, पायऱ्या चढवा. अंग हलले की डोके ताळ्यावर येते, हा माझा अनुभव आहे. बाकी जाणीव वगैरे नंतर पाहता येईल.

ओटी_नवी:
हे सगळे फाईलमध्ये आहेच, म्हणून लिहिले नव्हते. रस्त्यावरच्या अपघाताला आज ३३ दिवस झाले. ग्लासगोचा आकडा ७ होता. मेंदूच्या उजव्या बाजूच्या फ्रंटल (कपाळामागच्या) आणि टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागांत रक्त साकळले होते, शस्त्रक्रिया झालेली नाही. लेव्हेटिरॅसिटाम (फिट येऊ नये म्हणूनचे औषध) आणि रात्री झोपेची एक गोळी चालू आहे, तरीही झोप तुकड्यातुकड्यांत होते. मोका ही स्मृती, लक्ष वगैरे तपासणारी चाचणी दोनदा घेतली. ३० पैकी ९ आणि नंतर ११ गुण आले. चालणे बरे आहे, त्यामुळे 'चालते_पाय' यांचा मुद्दा इथे लागू होत नाही.

वाचा_मार्ग:
स्पीच थेरपीच्या बाजूने दोन साधे प्रश्न. तुम्ही बोललेले त्याला पूर्ण कळते, याची खातरजमा कोणी केली आहे का? गप्पा सराईतपणे मारणारा रुग्णही लांब सूचनेचा उत्तरार्ध हरवून बसतो. दुसरे असे की, त्याला नीट दिसते आणि ऐकू येते का? अपघातात चष्मा फुटतो आणि महिनाभर कोणाच्या ध्यानातही येत नाही, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

ओटी_नवी:
बोललेले त्याला कळते, निदान मला तरी तसे वाटते. चष्म्याचे आत्ताच त्याच्या पत्नीला विचारले. त्याला जवळचे वाचायला चष्मा लागत होता आणि तो अपघातात गेला. मला खरोखरच माहीत नव्हते. पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. रोज सकाळी तो मला 'तुम्ही कोण?' असे विचारतो, मी रोज नाव सांगते, आणि ओळख होते न होते तोच त्याचा चेहरा आक्रसतो. अशा माणसाला जाणीव कशी करून द्यायची?

मज्जामानस:
तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही जाता जाता स्वतःच लिहिले आहे. जो माणूस ३३ व्या दिवशीही रोज भेटणाऱ्या थेरपिस्टला ओळखत नाही, तो आजार 'नाकारत' नसून बहुधा अजून इजेनंतरच्या स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेत, म्हणजे पीटीएमध्ये आहे. या अवस्थेत नवी माहिती दिवसागणिक साठत नाही. काल तुम्ही दाखवलेली बटणे आज त्याच्या लेखी घडलेलीच नाहीत. त्यामुळे अपघातापूर्वीचा निरोगी माणूस हीच त्याची स्वतःबद्दलची अखेरची माहिती आहे आणि तिला धरून 'मला कामावर जायचे आहे' हे त्याचे म्हणणे अगदी सुसंगत आहे. ही अवस्था चार आठवड्यांपेक्षा अधिक टिकली तर इजा अत्यंत गंभीर मानली जाते, त्यामुळे ती मोजणे हेच टीमसाठी पहिले काम आहे. वेस्टमीड पीटीए स्केल वापरा. त्यात १२ प्रश्न असतात: ७ स्थळ-काळ-व्यक्तीच्या भानाचे आणि ५ स्मृतीचे. त्या पाचांत परीक्षकाचा चेहरा व नाव आणि आदल्या दिवशी दाखवलेली तीन चित्रे येतात. सलग तीन दिवस १२ पैकी १२ आले की अवस्था संपली असे धरतात. चित्रे दाखवायची आहेत, म्हणजे आधी चष्मा हवा, हे ओघानेच आले. मोका मात्र आत्ता बंद करा. त्या ९ आणि ११ वरून भविष्याबद्दल काहीही सांगता येणार नाही, उलट ते आकडे फाईलमध्ये कायमचे राहतील.

आता तो आक्रसणारा चेहरा. जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका रुग्णेची हकीकत लिहिली आहे. तिला नवे काहीही लक्षात राहत नसे. त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढे ती त्यांना ओळखत नव्हती, तरीही हात पुढे करायला तयार होईना, आणि कारण विचारले तर तिला ते नीट सांगता येईना. प्रसंग पुसला जातो, पण त्याची बोच मागे राहते. तुमचे नाव त्याला आठवत नाही, पण तुम्ही आलात की आपले काहीतरी चुकते, एवढे त्याच्या आत कुठेतरी नोंदले गेले असावे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये: रोज शांतपणे चुका दाखवताना ती टाचणी तुमच्याच हातात होती.

ओटी_नवी:
वाचून वाईट वाटले, पण पटले. मग आता उपचार थांबवायचे का?

संथ_गती:
होय, थांबवावेत. पीटीएमध्ये शांत खोली, मंद प्रकाश, मोजके भेटणारे आणि ठरलेली दिनचर्या, एवढेच उपचार असतात. थकलेल्या मेंदूवर थेरपी लादली की अस्वस्थता वाढते. आम्ही शिकलो तेव्हा हेच शिकवले जात होते.

मज्जामानस:
शांत खोलीबद्दल दुमत नाही, थांबवण्याबद्दल मात्र आहे. ऑस्ट्रेलियातील एका नियंत्रित चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, पीटीएमध्ये असलेल्या रुग्णांना रोजच्या स्वावलंबनाच्या कामांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांची प्रगती नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगली झाली आणि अस्वस्थताही वाढली नाही. कारण असे की, प्रसंगांची स्मृती बंद असली तरी हाताला वळण लावणारी स्मृती बऱ्याच अंशी चालू असते. अट एकच: चूक होऊ द्यायची नाही. पुढची पायरी आधीच सुचवायची, गरज पडल्यास हात धरून करवून घ्यायची, 'आठवून पाहा' असे म्हणायचे नाही. रोज तीच वेळ, तोच आरसा, तोच क्रम.

अनुभवी_हात:
म्हणजे माझा व्हिडिओचा उपाय चुकीचा, असे तुमचे म्हणणे दिसते. माझ्या अनेक रुग्णांना त्याचा फायदा झालेला आहे आणि त्यावर शोधनिबंधही आहेत.

मज्जामानस:
आहेत, आणि मी ते मानतो. पण ते काम पीटीएतून बाहेर आलेल्या, म्हणजे काल पाहिलेले आज आठवणाऱ्या रुग्णांवर झाले आहे, आणि तिथे थेरपिस्ट शेजारी बसून, आधी काय जमले ते बोलून मगच पुढे जातो. पुरावा म्हणून तोंडावर व्हिडिओ मारणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय जो आज संमती देऊन उद्या विसरणार आहे, त्याचे चित्रीकरण कोणाच्या संमतीने करायचे, हाही प्रश्न उरतोच.

अनुभवी_हात:
शेजारी बसूनच करतो मी. पण आठवणीचा मुद्दा ग्राह्य आहे, या रुग्णाबाबत घाई केली.

वहीवाला:
स्मरणवहीबद्दल कोणीच कसे बोलले नाही? आधी वहीतले विभाग ओळखायला शिकवायचे, मग ठरवून दिलेल्या प्रसंगांत वापरायला लावायचे आणि शेवटी नव्या ठिकाणी स्वतःहून वापरण्याचा सराव करायचा, असे तीन टप्पे असतात. वही खिशात मावणारी असावी, मोठी वही हमखास मागे राहते. मोबाईलच्या स्मरणसूचनांपेक्षा मी वहीलाच पसंती देतो, कारण...

वाचा_मार्ग:
वहीवाले, वहीबद्दल कोणी विचारलेलेच नाही, आणि ज्याला चष्म्याविना अक्षर दिसत नाही त्याला वही देऊन काय होणार? सध्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत जागेचे नाव आणि तारीख लावणे पुरे आहे.

रुग्णाची_बहीण:
मी थेरपिस्ट नाही. माझा भाऊ अशाच अवस्थेतून गेला आहे. 'ऑफिसला उशीर होतोय' असे तो रोज म्हणायचा आणि आम्ही रोज समजूत घालायचो, त्यातून रोज भांडण व्हायचे. एका नर्सने सांगितले की वाद घालू नका. पण मग खोटे बोलायचे का, हे मला आजही कळलेले नाही.

मज्जामानस:
खोटे बोलू नये. 'कामाची काळजी वाटते आहे ना? अपघात झाला आहे, सध्या तुम्ही दवाखान्यात आहात, कामावर कळवले आहे. चला, आधी तोंड धुऊ.' भावनेला दाद द्यायची, खरे ते एका वाक्यात सांगायचे, तेही खरोखर कळवले असेल तरच, आणि हाताला काम द्यायचे. तेच वाक्य दहा वेळा, त्याच सुरात, सगळ्यांनी म्हणावे लागते. तो सूर सांभाळणेच सर्वांत कठीण असते.

धागाकर्तीला आणखी एक सांगायचे आहे. लेव्हेटिरॅसिटाममुळे काही रुग्णांत चिडचिड वाढते. फिट आलेली नसताना केवळ प्रतिबंध म्हणून ते दिले असेल, तर साधारणपणे पहिल्या सात दिवसांपुरतेच सुचवले जाते. ते अजून का चालू आहे, हे डॉक्टरांना विचारा. थांबवण्याचा निर्णय त्यांचाच आहे, घरच्यांनीही तो परस्पर घेऊ नये. वेदना, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता यांचीही चौकशी करा. आणि चिडण्याची नोंद 'चिडला' एवढ्यावर न ठेवता अजिटेटेड बिहेवियर स्केलवर (अस्वस्थ वागणूक मोजणारी मोजपट्टी) ठेवा. त्यात १४ बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक पाळीत नोंद झाली की कोणत्या वेळी आणि कशानंतर तो बिनसतो, ते आपोआप दिसू लागते.

ओटी_नवी:
गुरुवारी रात्री लिहिते आहे. बुधवारी वेस्टमीडचे भानाचे ७ प्रश्न विचारले आणि चित्रे दाखवून ठेवली. आज पहिली पूर्ण नोंद झाली: १२ पैकी ४. माझा चेहरा त्याला तीन फोटोंतून ओळखता आला नाही. चित्रे त्याच्या पत्नीच्या चष्म्याने दाखवली, त्याचा स्वतःचा चष्मा सोमवारी मिळेल. कागद-पेन्सिल कपाटात ठेवली आहे. आज सकाळी बटणांच्या वेळी मी वरून पहिले बटण स्वतः धरून दिले आणि त्याने उरलेली पाच लावली. काही चुकले नाही, त्यामुळे काही सांगावेही लागले नाही. नंतर तो कंटाळला आणि झोपला. सेशन बारा मिनिटांचेच झाले. डॉक्टर औषधाचा विचार उद्याच्या मीटिंगमध्ये करणार आहेत.

'उपचारास सहकार्य' या रकान्यात 'होय' किंवा 'नाही' दोन्ही लिहिले नाही. तिथे असे लिहिले आहे: 'रुग्ण पीटीएमध्ये असल्याचे दिसते, वेस्टमीड ४/१२, नोंद रोज चालू. सहकार्याचे मूल्यमापन या अवस्थेत लागू नाही. ठरलेल्या क्रमाने, चूक टाळून दिलेल्या स्वावलंबन-प्रशिक्षणात आज १२ मिनिटे सहभाग.' हे वाक्य टीमपुढे टिकेल ना?

संथ_गती:
टिकेल. फक्त 'मोकाचे आधीचे गुण या अवस्थेत घेतलेले असल्याने ग्राह्य धरू नयेत' ही ओळही त्यात घाला. नाहीतर कोणीतरी नेमका तोच ११ चा आकडा उचलेल.

वहीवाला:
वहीचा नमुना हवा असल्यास सांगा.